पाटलाच्या बाजेतला खड्डा

मनुष्यवंशाची वाढ परमेश्वराच्या इच्छेने होते, याबद्दल सर्व धर्मांचे एकमत आहे. दहिवलीच्या पलीकडच्या एका गावाचे मात्र तसे मत नव्हते. तिथे वंश येसाजी पाटलाच्या बाजेने वाढत असे.

येसाजीला बाजा विणण्याचा नाद होता. वतनदार माणसाने सुंभ ओढत बसावे हे भाऊबंदांना पसंत नव्हते. पण शेतसारा गोळा करायचे दिवस सोडले तर पाटलाला दुसरे काम तरी काय असते? गावात कुणाकडे सून नांदायला आली की येसाजी त्या घरी एक बाज विणून देई. बाज वाईट असे. पाय आणि चौकट सुताराची, म्हणून बरी, विणकाम पाटलाचे. सुंभाचा प्रत्येक पदर ओढताना तो डाव्या हाताची तर्जनी त्याच्याखाली अडकवून धरी आणि मग काढून घेई. तेवढी ढील तिथे राही. अशा सगळ्या ढिली मिळून मधोमध म्हैस डुंबावी असा खड्डा पडे. त्या बाजेवर कुठल्याही दोन टोकांना दोन माणसे बसवा, घटकाभरात ती मध्ये येऊन एकमेकांवर आदळत. गावाने यावरून काय ते ओळखले. बाज गेलेल्या घरी लवकरच पाळणा हलायचा. बाज न गेलेल्या घरांतही हलायचा, पण ते कुणी हिशेबात धरले नाही.

बाज पास करण्याचे काम अंबाबाई सुईणीकडे होते. अर्ध्या गावाची नाळ तिने कापली होती, येसाजीचीही. ती येऊन नव्या बाजेवर बसे. बूड वीतभर खाली गेले की "पोरगा" म्हणे, त्याहून कमी गेले की "पोरगी". चुकले तर बाज नीट ठेवली नाही म्हणून घरच्यांनाच बोलणी बसत.

मग एका पावसाळ्यात सुंभाचे कुसळ येसाजीच्या त्या तर्जनीत गेले. बोट ठणकू लागले, तेव्हा त्यात लिंबू खोचले. मग अंगारा लावला. मग कुणीतरी सांगितले म्हणून शेण बांधले. हात कोपरापर्यंत फुगला, तेव्हा बैलगाडीत घालून त्याला कर्जतला नेले. घाट चढायला तिथे गाड्यांना जादा इंजिने जोडीत. त्यात चेंगरलेल्या हातापायांसाठी रेल्वेने एक साहेब डॉक्टर ठेवला होता. त्याने येसाजीला काहीतरी हुंगायला दिले, बोट चिरले आणि आतले सडके हाड काढून टाकले.

"बोट वाचलं, पाटील," कंपौंडर म्हणाला. "वाकणार मात्र नाही."

ते खरेच वाकले नाही. चावडीवर येसाजी बोलू लागला की ती ताठ तर्जनी समोरच्या माणसावर रोखलेली असे. त्या वर्षी सारा कधी नव्हे तो वेळेवर जमला.

पण विणकाम सुटले. गावात दोन सुना बाजेवाचून नांदायला आल्या आणि लोक त्यांच्या पोटांकडे काळजीने बघू लागले. तशात शिमगा झाल्यावर येसाजीची स्वतःची सून सोमी यायची ठरली.

"अवो, साऱ्या गावाला वाटलंत," बायको जयवंता म्हणाली, "आन आपल्याच लेकाच्या, गजाच्या येळंला कोरडं?"

"बोट बघ की माजं."

"माज्याकडं रोखू नका ते. सुंभाकडं रोखा."

येसाजी बसला. पहिल्या दिवशी सुंभ हातातून सुटून चौकट पायावर पडली. दुसऱ्या दिवशी पायावर पडू नये म्हणून तो लांब बसला, तर सुंभ पुरेना. कामाच्या वेळी तर्जनी बाजूला उभी राहून नुसती दिशा दाखवी. जन्मात कष्ट न केलेल्या मधल्या बोटाला आणि अंगठ्याला ओढायला लागले. ती दोघे रात्री ठणकत. जयवंता कढत पाण्यात हात शेकून देई आणि शेकता शेकता, वंश बुडाला तर कुणाचे नाव लागेल, हे सांगे. येसाजीने अर्धी बाज दोनदा उसवली. अखेर एके दुपारी शेवटची गाठ मारून तो तिच्यावर आडवा झाला.

पाठ सरळ राहिली. हे काय होतंय म्हणून तो उठला, पुन्हा आडवा झाला. पुन्हा सरळ. वाकडे न होणारे बोट पदराखाली जातच नव्हते, म्हणून ढीलही राहिली नव्हती. इतकी वर्षे आपण बाजा विणत नव्हतो, खड्डे विणत होतो, हे त्याच्या ध्यानात आले. अशी बाज त्या पंचक्रोशीत कुणी विणली नव्हती. त्याने अंबाबाईला बोलावणे पाठवले.

अंबाबाई बसली. उठली. जरा जोर लावून पुन्हा बसली, तेव्हा बाज ढोलकीसारखी वाजली.

"येसा, ही बाज हाय का दगडाचं जोतं रं?"

"आत्ये, खरी बाज अशीच असती."

"पोरगा का पोरगी, त्येवढं सांगा," जयवंता मध्येच म्हणाली.

"कसलं पोर, गं? हितं आपसूक कोन घरंगळंल? हिकडच्यानं तिकडच्याला निरोप धाडाय पायजे." अंबाबाईने पदर झटकला. "हात बाटला तुजा, येसा. ढिली कर ती."

"नाय करणार."

भाऊबंदांनी समजावले. चौघे दांडगे गडी खड्डा पाडायला म्हणून दिवसभर बाजेवर बसले आणि तिथेच पत्ते खेळून उठून गेले. बाज जशीच्या तशी राहिली. येसाजीही राहिला. पाटीलकी त्याला बापामुळे मिळाली होती. ही एकच वस्तू अशी होती की जी त्याला स्वतःला जमली होती. जयवंताने त्याच्याशी बोलणे टाकले. भाकरी वाढताना ती ताटाशी बोले. सुनेला यंदा डोहाळे लागले नाहीत तर बाज चुलीत, असे तिने ताटालाच सांगून ठेवले.

सोमी आली. श्रावणात तिला चिंचा खाव्याशा वाटू लागल्या आणि अंबाबाईने पोट चाचपून हो म्हटले.

येसाजी पागोटे बांधून चावडीवर जाऊन बसला. आता लोक येतील आणि हात बघतील, अशी त्याची समजूत होती. लोक आले, त्यांनी हात बघितलाही.

"मोटा हातगुण," अंबाबाई म्हणाली. "सायबाचा. कापलं येसाचं बोट, फळलं सोमीला."

"आत्ये, बाज मी इनली."

"तू आदीबी इनतच हुतास की रं. सायबानं हात लावला तवा ताठ इनून बी गुण आला."

त्या आठवड्यात तीन रिकाम्या चौकटी बैलगाडीत घालून लोकांनी कर्जतला नेल्या. डॉक्टरने हात लावावा एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याने पहिल्या चौकटीला काय होतंय म्हणून विचारले; मग कंपौंडरने समजावल्यावर तिन्हींच्या पायांना हात लावला आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले. विणायला त्या चौकटी दहिवलीच्या एका माणसाकडे गेल्या.

सोमीला मुलगा झाला. ती बाज ओसरीवर असे आणि तिच्यावर पहिल्या दिवसापासून येसाजी झोपत असे. गावातल्या प्रत्येक घरात बाजेवर सासराच झोपे. नवरा-बायको आत, जमिनीवर.