बाई, कोमट पाणी चालतं का?

मुलांना खोटं सांगितलेलं मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी भोळी समजायला नको.

मी मनोरमा आढाव. कारखान्याच्या तपासणी विभागात एकोणीस वर्षं क्लार्क आहे. यंत्राचा भाग मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. 'जवळजवळ' म्हटलेलं आमच्या साहेबांना चालत नाही आणि आता मलाही चालेनासं झालंय. रविवारी पिपलानीच्या चर्चमध्ये हिंदी मंडळीची उपासना आटोपली, की अकरा वाजता आमची मराठी उपासना सुरू होते. पंचवीस-तीस घरं आहोत. बहुतेक सगळी नगर-नागपूरकडची, नोकरीपायी भोपाळला आलेली. दोन-तीन कुटुंबं तर अशोका गार्डनहून बस बदलून येतात. पाळकसाहेब इटारसीहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार वडील, म्हणजे मंडळीनं नेमलेली जबाबदार ज्येष्ठ माणसं, वेळ निभावून नेत, आणि मुलांचा वर्ग माझ्याकडे.

हा वर्ग आधी वसुधाबाईंकडे होता. एका पोराचं कुत्रं ट्रकखाली आलं, तर त्यांनी त्याला सांगितलं, रडू नको, ते स्वर्गात उड्या मारतंय. मी मंडळीच्या सभेत उठून विचारलं, हे कुठं लिहिलंय? झालं. सगळे म्हणाले, मग तुम्हीच घ्या वर्ग. वसुधाबाई अजून माझ्याशी तुटक बोलतात. बोलोत बापड्या.

माझा नियम साधा होता. कुणीही काहीही विचारावं, उत्तर सरळ मिळेल. मुलं काय कमी असतात? त्यांना कळलं की ही बाई रागावते, पण प्रश्नाला रागवत नाही. मग काय, प्रश्नांचा पाऊसच सुरू झाला. एकदा मी सांगितलं की देवाच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहेत, तर फिटर साळव्यांचा धाकटा उठून म्हणाला, "बाई, तिकडे पण टाइप टू, टाइप थ्री असतं काय? की सबको एकच क्वार्टर?" मी सांगितलं, तिथं ग्रेड पाहत नाहीत. तो म्हणाला, "मग आमचे पप्पा खूश होतील."

बाप्तिस्मा म्हणजे काय, हे विचारलं तेव्हा मी मेडिकल कार्डाचं उदाहरण दिलं. टाउनशिपमधल्या प्रत्येक पोराला ते कार्ड ठाऊक असतं. बापाच्या नोकरीवर कार्ड निघतं, त्यावर घरच्यांची नावं चढतात, आणि ज्याचं नाव कार्डावर त्यालाच दवाखान्यात औषध. मी म्हटलं, बाप्तिस्मा म्हणजे देवाच्या कुटुंबाच्या कार्डावर आपलं नाव चढणं. मुलांना पटकन कळलं. मलाही माझं कौतुक वाटलं.

तिसऱ्या बाकावरून अलकानं हात वर केला. "कार्डावर नाव नसलेला माणूस दारापर्यंत आला तर?"

"तर आत घेत नाहीत," मी म्हटलं. सरळ उत्तर.

ही अलका खानझोडे. नऊ वर्षांची, दोन वेण्या, बोलायला हळू. तिची आई सुलभा आमच्या मंडळीतली, नागपूरची. वडील विलास खानझोडे हिंदू, वर्ध्याकडचे, कारखान्यात टर्नर. लग्न करतानाच दोघांचं ठरलं होतं म्हणे, तू तुझं कर, मी माझं करतो, पोरीला आईबरोबर जाऊ दे. अलकाचा बाप्तिस्मा ती तान्ही असतानाच झाला होता. खानझोडे दर रविवारी दोघींना स्कूटरवर आणून सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसायचे. आत या म्हटलं की हसायचे. "बरं आहे इथं," म्हणायचे. मीही दोनदा म्हणून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी खानझोड्यांना टायफॉइड झाला. बारा दिवस इस्पितळात होते. बरे होऊन परत आले, पुन्हा झाडाखाली बसू लागले, आणि अलकाचे प्रश्न सुरू झाले. दर रविवारी एकच.

पहिला प्रश्न, पाळकसाहेब गावात नसले आणि घाई असली तर बाप्तिस्मा कोण देऊ शकतं? मी म्हटलं, अगदीच अडचण असेल तर ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालाय असं कुणीही.

"लहान मूल पण?"

"वयाचं काही लिहिलेलं नाही."

पुढच्या रविवारी, पाणी कुठलं लागतं? मी म्हटलं, कुठलंही. नळाचंसुद्धा. मग, किती लागतं? मी म्हटलं, थोडं पुरतं, तीनदा डोक्यावर ओतायचं आणि देवाची तिन्ही नावं घ्यायची. मग, झोपलेल्याला दिलेला चालतो का? मी म्हटलं, अगं, तान्ही बाळं झोपेतच असतात की, त्यांचा होतोच ना? नाताळानंतर थंडी पडली आणि तिनं विचारलं, "बाई, कोमट पाणी चालतं का?"

"न चालायला काय झालं? पाणी ते पाणी."

मला वाटलं, पोर हुशार आहे. पुढं मोठी होऊन मिशनच्या शाळेत शिकवायला जाईल. तिच्या आईलाही मी तसं बोलून दाखवलं. एकामागोमाग एक पाच प्रश्न, सगळे एकाच दिशेला चाललेले, आणि मी बाई तपासणी विभागातली! गाढव, दुसरं काय.

जानेवारीतल्या एका बुधवारी जेवणाचा भोंगा झाला. मी डबा उघडत होते, तर टेबलाजवळ खानझोडे. हातात टोपी.

"बाई, एक विचारायचं होतं."

"बसा. काय झालं?"

ते बसले नाहीत. "माझा बाप्तिस्मा झालाय का, ते विचारायचं होतं."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण खानझोडे थट्टा करणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रविवारी चर्चहून आल्यावर जेवून ते अंगणात खाटेवर उन्हाला निजले होते. सुलभा शेजारी गेली होती. अलका तांब्या घेऊन आली. आधी तिनं त्यांच्या मानेखाली टॉवेल सारला. मग डोक्यावर पाणी ओतलं. तीनदा.

"थंडगार पाणी? नुकते दुखण्यातून उठलेले तुम्ही!"

"कोमट होतं," खानझोडे म्हणाले. "बंबातलं घेतलं होतं तिनं."

मग काय, ते सगळे प्रश्न माझ्यापुढं एका रांगेत उभे राहिले, आणि त्यांची माझीच उत्तरं.

"तुम्ही झोपेत होता?"

"पहिल्या पाण्यालाच जागा झालो."

"मग उठला का नाहीत? हात का नाही धरला पोरीचा?"

"ती बोलत होती," ते म्हणाले. "देवाची नावं घेत होती. मधे चुकली, मग पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शेवटी कानाशी येऊन विचारलं, बाबा, तुम्हाला चालेल ना? मी हं म्हटलं. झोपेत म्हणतात तसं."

मी डबा बंद केला. भूक मेली होती.

ते म्हणाले, "इस्पितळात होतो तेव्हापासून तिचं चाललंय. रात्री उठते आणि माझ्या नाकाशी हात धरून बघते, श्वास चालू आहे का. मी मेलो तर मला आत घेणार नाहीत, असं आईला म्हणाली. वाटलं, आता पाणी ओतलं, आता तरी निजेल. पण अजून उठतेच. म्हणते, बरोबर झालं की नाही ते बाईंना विचारल्याशिवाय कळणार नाही. येत्या रविवारी विचारणार आहे तुम्हाला."

"मग?"

"तुम्ही हो म्हणा."

"खानझोडे, तसं होत नसतं. मोठ्या माणसानं स्वतः जागेपणी, मंडळीसमोर कबूल करावं लागतं. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी."

"ते मला कळतं. म्हणूनच आलो. तुम्ही नाही झाला म्हणालात तर ती मला जागेपणी विचारेल. आणि जागेपणी मला नाही म्हणावं लागेल, बाई. मी त्यातला नाही. सुलभेला लग्नाआधीच सांगितलंय. गुरुवारी महाराजांना फूल वाहतो, त्यात मी खोटा नाही. तुमच्या देवापुढं उभा राहून हो म्हटलं तर दोन्हीकडे खोटा ठरेन. आणि तिच्या तोंडावर नाही म्हणायला माझ्यात दम नाही."

मला असा राग आला! "वा! म्हणजे तुम्ही खोटं बोलणार नाही, आणि मी बोलावं?"

"हो," खानझोडे म्हणाले.

टोपी घातली आणि गेले. दार लोटून घ्यायचं भानही राहिलं नाही त्यांना.

चार दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. पाळकसाहेबांना पत्र टाकून काही उपयोग नव्हता, ते काय म्हणतील ते मलाच पाठ होतं. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की खरं कसं सांगायचं. शनिवारी जवाहर चौकात लोकर घ्यायला गेले, तर जाता-येता बसमध्ये उत्तर बसवत होते. अलका, तू केलंस ते प्रेमानं केलंस, पण बाबा मोठे आहेत, त्यांनी स्वतः ठरवायचं असतं, तू प्रार्थना करत राहा. हे सगळं खरं होतं. मापात बसत होतं. दुकानात रंग चुकीचा घेतला, ते घरी आल्यावर दिसलं.

रविवारी खानझोड्यांची स्कूटर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ झाडाखाली जाऊन पेपर उघडला. वर्गात अलका तिसऱ्या बाकावर बसली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांखाली! त्या दिवशी तिनं हात वर केला नाही. वर्ग सुटला, मुलं मोठ्यांच्यात जाऊन बसायला पळाली, आणि ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मी बाबांना बाप्तिस्मा दिला."

"हं. कळलं मला."

"तुम्हाला सगळं विचारून केला," ती म्हणाली. "एक चूक झाली, पण मग मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. चालतं?"

मी बसवलेलं उत्तर म्हणायला तोंड उघडलं. तू केलंस ते प्रेमानं केलंस, इथून सुरुवात होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती तिनं, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"आणि बाबा फक्त हं म्हणाले. हो नाही म्हणाले. हं चालतं का?"

"चालतं," मी म्हटलं.

"मग झाला?"

"झाला."

"नक्की, बाई?"

"नक्की. मी सांगतेय ना?"

मला वाटलं होतं, ती हसेल, उड्या मारत बाहेर बापाकडे पळेल. तसं काही नाही. तिनं टेबल सोडलं आणि एक लांबलचक जांभई दिली, पार घशापर्यंत दिसेल अशी. मग आत जाऊन आईशेजारी बसली. संदेश सुरू व्हायच्या आत ती सुलभेच्या मांडीवर आडवी झाली होती. सुलभेनं दोनदा हलवून पाहिलं, मग तिच्यावर शाल टाकली. एरवी उपासनेत झोपलेलं मूल मला सहन होत नाही. त्या दिवशी संदेश देणाऱ्या वडीलजींचा आवाज चढला, तेव्हा मला त्यांचाच राग आला.

मी शेवटच्या बाकावर बसले होते. माझं काय झालं ते मला पक्कं कळत होतं. देवाच्या घरात, मुलांच्या वर्गात, देवाच्या नावावर मी खोटं बोलले होते. माफी मागायला हवी होती. मागायला गेले तर ती येईना, कारण पुन्हा विचारलं असतं तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं.

शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले. सुलभा तेवढी बसून राहिली, मांडीवर पोर होती म्हणून. सगळ्यांनी डोळे मिटून एका सुरात प्रार्थना सुरू केली. माझे ओठ काही त्यांच्याबरोबर हलेनात. मी आपलं वेगळंच म्हणत होते, मनातल्या मनात, आणि चांगलीच तावातावानं.

प्रभू, मी त्या पोरीला शब्द देऊन बसलेय. तुला विचारलं नाही, विचारायला वेळच नव्हता. तो माणूस जेव्हा येईल तेव्हा येईल, पण आला की दार उघड. माझ्यावर काय रागवायचं ते रागव. पण मला खोटं पाडू नकोस.

"आमेन," सगळे म्हणाले. मीही म्हणाले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आणि पुढच्या बाकावरच्या वसुधाबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.