जाताना तेवढी ट्यूब बंद करा

मी ब्रह्मकमळ बोलतोय. चेन्नईत अण्णा नगरला तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत, रंगाच्या जुन्या डब्यात माझा मुक्काम आहे. वय झालंय, म्हणून सावकाश बोलतो. तुम्हाला घाई असेल तर व्हा पुढे. मला कुठे जायचं नाही. जाताही येत नाही.

नावात कमळ असलं तरी चिखलाशी माझं काही नातं नाही. मी निवडुंगाच्या घरातला. ही लांब, चपटी, कडेला खाचा असलेली पानं दिसतात ना, ती पानं नव्हेत. ते माझं खोडच आहे. त्या खाचांतून माझी कळी निघते. आमची माणसं मूळची समुद्रापलीकडच्या रानातली, झाडांच्या बेचक्यांत बसून राहणारी. म्हणून बांडगूळ समजू नका हो. झाडाचा घोटभर रसही आम्ही पीत नाही. बुंध्याला धरून बसायचं, तिथे साचलेल्या पाचोळ्यावर भागवायचं, वरून झिरपेल तेवढं ऊन घ्यायचं. एवढाच आमचा संसार.

मिरजेच्या रेल्वे क्वार्टरात मला कृष्णकांतांनी आणलं, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून. तेव्हा मी एकच पान होतो. त्यांची बायको शशिकलाबाई हसली.

"लोक बायकोला फूल आणतात. तुम्ही पान काय आणलंत?"

"लाव तर खरं. बोलेल ते."

घराला रंग देऊन झाला होता, तोच डबा मला मिळाला. अंगणातल्या चिंचेला तो टेकवून ठेवला. मी हळूच पाठीतून बारीक मुळ्या काढल्या आणि चिंचेची साल धरली. फार बरं वाटलं मला. आजही तो खरखरीतपणा आठवतो.

तिथे मी दर श्रावणात फुलायचो. आमचं फूल एका रात्रीचं. दिवस कलला की कळी मान वर करते, अंधार पडला की एकेक पाकळी मागे सरते, आणि उजाडेपर्यंत सगळं ओल्या कपड्यासारखं लोंबायला लागतं. तेवढ्या वेळात शशिकलाबाई सगळ्या क्वार्टरांतून बोलावणं करून यायची. "आमचं ब्रह्मकमळ उमलतंय, या हं." या बोलावण्याला कुणी नाही म्हणत नाही. शेजारच्या यामिनीबाईंशी नळावरून बोलणं बंद होतं, पण त्याही झाकल्या वाटीत दूध घेऊन आल्या. फूल कुणी तोडायचं नाही. झाडावरच हळदकुंकू वाहायचं, दुधाचा नैवेद्य दाखवायचा आणि गप्पा मारत बसायचं.

मग कृष्णकांत गेले. क्वार्टर सोडावं लागलं. मुलगा अनिकेत चेन्नईला कंपनीत लागला होता, तो आईला न्यायला आला. "आई, झाड कुठे नेतेस?" म्हणाला. माझा डबा तिने दोन्ही हातांनी उचलला. चिंचेवरच्या माझ्या मुळ्या एकेक करून तुटल्या. त्यांचा आवाज तिला ऐकू आला असेल का, देव जाणे.

ते साल दोन हजार पाच असावं. तेव्हापासून ही बाल्कनी आणि तिची लोखंडी जाळी. माझ्या मुळ्यांनी भिंत चाचपून पाहिली. गुळगुळीत, तापलेली. धरायला काही नाही.

शशिकलाबाईचंही तसंच झालं. अनिकेतच्या कंपनीची बस उजाडताच त्याला घेऊन लांब सिरुसेरीला जायची आणि त्याला रात्रीच परत आणायची. बाई दिवसभर दाराआड. केराची बादली ठेवायला दार उघडायची, जिन्यात पाऊल वाजलं की पटकन लावून घ्यायची. समोरच्या दारावर गोल गोल तमिळ अक्षरांची पाटी. तिथे कोण राहतं, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

माझ्याजवळ बसून म्हणायची, "भाषा येत नाही. आणि जाऊन सांगू काय, की घरात करमत नाही? तू फुल बाबा एकदा. मग बोलावणं करायला म्हणून दार वाजवता येईल."

मला फुलायचं नव्हतं का? पण बाई बाल्कनीतली ट्यूब रात्रभर चालू ठेवायची. आई जागी आहे हे पोराला खालूनच दिसावं म्हणून. तो आल्यावरही बंद करायची नाही, परक्या गावात काळोखाची भीती वाटायची तिला. आणि मला कळी धरायला काळोख लागतो, सलग, कितीतरी रात्रींचा. तो कुठून आणू? तिला वाटायचं मी उपाशी आहे. तांदळाचं धुवण घालायची, ताक घालायची. मी नुसता लांबत गेलो, जाळीतून हात बाहेर काढत. बाई, दिवा बंद करा, एवढंच सांगायचं होतं. पण आम्हाला फुलाशिवाय तोंड नाही.

एकदा अनिकेत म्हणाला, "आई, हे खरं ब्रह्मकमळ नव्हेच. नेटवर बघितलं मी. खरं हिमालयात असतं."

"असू दे. आपलं मिरजेचं आहे."

"अगं, काच लावून बाल्कनी बंद करून घेऊ. धूळ नको, डास नकोत, तुझा पलंग टाकू इथे. हे वॉचमनला देऊन टाकतो, ठेवेल नाहीतर फेकेल."

"यंदा फुलेल रे."

"दर वर्षी हेच म्हणतेस."

"यंदा नाही फुललं, तर दे."

असा माझा सौदा झाला. माझ्याबरोबर तिचाही. कारण मी गेलो असतो तर दार वाजवायचं निमित्तही गेलं असतं.

आणि ट्यूब गेली. दोनदा फडफडली आणि विझली. वायरमनला बोलवायचं तर तमिळ लागतं. अनिकेत म्हणाला, रविवारी बघतो. किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. मी नुसता काळोख पीत राहिलो. एका सकाळी बाईने चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा पुसला. खाचेत गुलाबी टोक होतं. पुढे तीन झाली.

कळ्या मान वाकवून वर पाहायला लागल्या आणि नेमके त्याच दिवशी काचवाले आले. अनिकेतने कळ्या धरण्याआधीच त्यांना सांगून ठेवलं होतं. दोघे तमिळमध्ये काही बोलत आत शिरले आणि एकाने माझ्या डब्याच्या काठाला हात घातला. भरल्या कळ्यांचा मी, गदागदा हललो तर सगळ्या गळतात. बाई मधे उभी राहिली. "नको, नको!" त्यांना काय कळणार? फोन लावला, तर "आई, मीटिंगमध्ये आहे." डबा जमिनीवरून उचलला गेला होता.

तेव्हा ती धावली. दार सताड उघडं टाकून तिने समोरचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

ठसठशीत कुंकू लावलेली एक म्हातारी बाहेर आली. शशिकलाबाईला हिंदी सुचेना, इंग्रजी येईना. ती मराठीतच रडवेली म्हणाली, "अहो, माझं झाड! कळ्या आल्यात हो!"

म्हातारी बघतच राहिली. "अय्यो! मराठे की तुम्ही?"

ती राजसबाई. तंजावूरकडची, कैक पिढ्यांची मराठी. लगबगीने आत आली, काचवाल्यांना म्हणाली, "वेण्डाम पा, वेण्डाम!" म्हणजे तेच, नको रे, नको, आणि पुढे बरंच काही. माझा डबा अलगद खाली टेकला. एक कळी गळाली. दोन राहिल्या.

"तुम्ही रोज इथे कोणाशी बोलता?" राजसबाईने विचारलं. "बाल्कनीतून आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मज वाटले, घरात कोणी आजारी आहे."

"याच्याशीच बोलते."

"मग आजारी तुम्हीच की हो!"

दोघी हसल्या. त्या घरात ते हसू पहिलंच.

त्याच रात्री मी फुललो. बोलावणं झालं, राजसबाईची सून आली, खालचा वॉचमनही वर आला. अनिकेत घरी आला तेव्हा दारात चपलाच चपला होत्या. तो फुलाकडे नाही, आईच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. काचेचं काम त्याने रद्द केलं.

सकाळी माझी फुलं लोंबली. राजसबाईने माझं एक पान मागून घेतलं आणि खालच्या आंब्याच्या बेचक्यात काथ्याने बांधलं.

पुढच्या रविवारी अनिकेतने दोन खुर्च्या आणल्या, आणि नवी ट्यूब लावली. आधीपेक्षा लख्ख. आईला मैत्रिणीबरोबर बसता यावं म्हणून. आता दोघी संध्याकाळभर बसतात, शेंगा मोडतात, एकमेकींच्या मराठीला हसतात. उठून आत जातात, ट्यूब तशीच राहते. कळी धरत नाही मला. कळणार कुणाला? बाई म्हणते, "दमलाय बिचारा. फुलेल."

फुलल्यामुळे माणूस आलं, माणसामुळे दिवा आला. माझी तक्रार नाही. खाली आंब्यावर माझ्या पानाने साल धरलीय, तिथवर हा उजेड पोचत नाही. मी जाळीतून बघत असतो.

पण तुम्ही कधी या घरी आलात, दोघींशी गप्पा मारून उठलात, तर या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. जाताना तेवढी ट्यूब बंद करा.