काळी फीत आणि चारची बस

बोटभर रुंदीची काळी फीत.
चहात बुडवलेला कागद.
गालावरचा एक व्रण, जो एका सोमवारी डावीकडून उजवीकडे गेला.
पुरात वाहून गेलेली बाई.
चारची बस.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे. मी एक जुना फोटो आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या बरबँकच्या एका स्टुडिओत झाला. तिथे दर आठवड्याला शेरीफ हॅडलीच्या टीव्ही मालिकेचा एक भाग बनत असे. घोडे, धूळ, गोळीबार, आणि शेवटी न्याय. शेरीफला एक मेलेली बायको हवी होती, लुसिंडा नावाची. नटीला पैसे कोण देणार? म्हणून कपडेपटातल्या डेल्फिनाला झालरीचा झगा घालून उभं केलं. तिला चारची बस गाठायची होती. ती सारखी वेळ बघत होती आणि हसत होती.

मालिकेतली गोष्ट होती १८७३ सालची. त्या काळी फोटोसाठी माणसं दगडासारखी बसत. माझ्यातली बाई दात दाखवून हसते. तिचे केस तर पार्लरमध्ये कुरळे केलेले. मला चहात बुडवून म्हातारं केलं, चौकटीत बसवलं आणि शेकोटीवरच्या फळीवर ठेवलं. माझ्या वर टांगलेली बंदूक त्या सालानंतर वीस वर्षांनी बनली होती. तिला कधी कोणी काही बोललं नाही.

माझी वर्षं सुखाची गेली. पहिल्या वर्षी लुसिंडा तापाने गेली. दुसऱ्या वर्षी लेखक बदलले, तिला डाकूंनी मारलं. तिसऱ्या वर्षी पूर आला.

"अगं विनी, या खेपेला मी कशाने मेले गं?" डेल्फिना सुईत दोरा ओवताना विचारायची.

"पुराने."

"बरं झालं बाई. तापाने फार दिवस काढले होते."

विनी म्हणजे विनिफ्रेड. गळ्यात थांबघड्याळ, हातात वही. कोणत्या दृश्यात कोणतं बटण उघडं होतं, पेला किती भरला होता, हे लक्षात ठेवणं तिचं काम. पण शेरीफच्या गालावरचा व्रण एका सोमवारी दुसऱ्या गालावर रंगवला गेला आणि तिच्या नजरेतून सुटला. प्रेक्षकांच्या तक्रारीच्या पत्रांचं पोतं आलं. दिग्दर्शक स्टॉडर्डसाहेब म्हणाले, "विनिफ्रेड, आणखी एक चूक, की गाठोडं बांधायचं."

चौथ्या वर्षी शेरीफने मला हातात घेऊन रडायचं ठरलं. कॅमेरा प्रथमच जवळ येणार होता. विनीने मला पुसायला उचललं आणि तिचा हात थांबला. झग्याच्या बाहीखालून, माझ्या खालच्या कोपऱ्यात, मनगटी घड्याळ डोकावत होतं.

"मेले मी," ती म्हणाली.

"मरते मी, तू कशाला?" बटण लावायला आलेली डेल्फिना म्हणाली. मग तिनेही पाहिलं.

सेटवरचं सामान सांभाळणारा ऑर्व्हिल पुढे झाला. "बायांनो, रडायला शेरीफला पगार मिळतो. फीत आहे का पेटीत? काळी?" त्याने चौकटीच्या कोपऱ्यावर तिरपी फीत बांधली. घड्याळ झाकलं गेलं. तेवढ्यात साहेब आले.

"ही फीत कशाला?"

ऑर्व्हिल छताकडे बघू लागला.

"आजच्याच दिवशी गेली ना ती, साहेब," डेल्फिना म्हणाली.

साहेबांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "हे कोणाला सुचलं?"

"विनीला. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

"मग लिहून ठेव वहीत, विनिफ्रेड. चौदा ऑक्टोबर."

शेरीफ त्या दिवशी खरंच रडला. पुन्हा पत्रांचं पोतं आलं, पण यावेळी लोक लुसिंडाची चौकशी करत होते. तेव्हापासून दर वर्षी चौदा ऑक्टोबरचा एक भाग ठरूनच गेला. विनी मालिका संपेपर्यंत तिथेच राहिली.

"बघ, आता मरायला तारीखही मिळाली," डेल्फिना म्हणाली.

मग मालिका थांबली. बंदूक विकली गेली. मी अकरा वर्षं एका खोक्यात होतो, तुटक्या लगामांखाली. कोणीतरी मला केरात टाकणार होतं. पण माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: डेल्फिना ऑर्नेलास, कपडेपट. ते वाचून ऑर्व्हिलने मला तिच्या घरी पोचवलं. आता मी तिच्या शिवणयंत्राच्या वर आहे. फीत तशीच आहे. नातवंडं विचारतात, "आजी, कोण वारलं?" ती म्हणते, "मीच. तीनदा."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंच्या पाठीवर नावं लिहून ठेवा. पुढच्या बाजूला काय वाटेल ते लोक रचतात, आणि रचू द्या. पाठ मात्र कोरी सोडू नका.

ते घड्याळ विनीचं होतं. बस चुकू नये म्हणून फोटो काढला त्या सकाळी तिनेच ते डेल्फिनाच्या मनगटावर बांधलं होतं.