बिनकडीचं दार

"टॉर्च हलवू नकोस," कुलूपवाला म्हणाला. ओठांत दोन स्क्रू धरलेले, त्यामुळे शब्द चावून बाहेर पडले.

"मी नाही हलवत. हात हलतोय."

तो हसला. बायकोच्या भित्रेपणावर हसणं ही त्याची जन्माची सवय होती, आणि आजच्या दिवशीही ती सुटली नाही. दाराच्या आतल्या बाजूला तो जाड लोखंडी अडसर बसवत होता. आडवा सरकवला की दोन्ही टोकं भिंतीत शिरतील आणि बाहेरून चार जण आदळले तरी दार हलणार नाही, असा. गावातली निम्मी दुकानं त्याच्या कुलपांच्या भरवशावर झोपत. स्वतःच्या घराला मात्र साधी कडी होती, आणि तीही बायकोच्या हट्टाने बसवलेली.

बायको कुकरच्या शिट्टीला दचके. पालीला भिई, पोस्टमनच्या हाकेला भिई, फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवी. गल्लीत तिला ससुली म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. झोपण्याआधी कडी लावायची, अंथरुणात पडून पुन्हा उठायचं आणि कडी बघून यायची, हे लग्न झाल्यापासून चालू होतं. "चोरांनी धंदा सोडला तरी हिची कडी काही सुटायची नाही," असं कुलूपवाला सगळ्यांना सांगायचा.

आज तो सांगत नव्हता. गेल्या आठवड्यात त्यांच्या प्रार्थनाघराला गॅरेजवाल्याच्या पोरांनी कुलूप ठोकलं होतं. कुलूप कुलूपवाल्याच्याच दुकानातलं. प्रार्थना चालवणारे मास्तर एकटे पुढे होऊन "का?" एवढंच विचारायला गेले आणि हात प्लास्टरमध्ये घालून घरी आले. मग गॅरेजवाला स्वतः दुकानात आला. बोलणं अगदी अदबीचं.

"काका, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून आधी सांगतोय. पुन्हा कुठेही जमलात तर दार फोडून आत येऊ. मग म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

ससुली पडद्यामागे चहाचा कप घेऊन उभी होती. तो गेल्यावर ती तिथेच कुलपांच्या खोक्यावर बसली आणि हातातला चहा गार होईपर्यंत उठली नाही.

"झालं," कुलूपवाला आता म्हणाला. त्याने अडसर सरकवून पाहिला. नवं लोखंड होतं, जोर लावावा लागला. "आता येऊ दे कोणाला यायचंय ते."

"आणि नियम?"

त्याने स्क्रूड्रायव्हर पुसला. उत्तर देण्याआधी जरा जास्तच वेळ पुसला.

नियम जुना होता. कोणी घालून दिला हे मास्तरांनाही माहीत नव्हतं. प्रार्थना सुरू झाली की दाराला कडी लावायची नाही. कोण येणार हे देवाने ठरवायचं. मधेच कोणी आलं तर दाराजवळ जो बसला असेल त्याने सरकून जागा करायची, आणि आलेल्याला तोंडाने काही विचारायचं नाही. कधी वाट चुकलेला माणूस येई, कधी उन्हाला कंटाळलेला. एकदा कुत्रं आलं होतं, त्यालाही चटईवर जागा मिळाली आणि ते शेवटपर्यंत बसलं. मास्तरांच्या मते त्या दिवशी सगळ्यांत जास्त लक्ष त्याचंच होतं.

"नियम माणसांसाठी असतो," कुलूपवाला म्हणाला. "माणसांचेच हातपाय मोडले तर नियम काय चाटायचाय? आणि तुला तर बरं वाटायला हवं. जन्मभर कडी, कडी करत आलीस. घे, आता अडसर दिला."

तिच्या हातातल्या टॉर्चचा उजेड अडसरावरून घसरून फरशीवर आला आणि तिथेच राहिला.

संध्याकाळी एकेक जण मागच्या बोळातून आला. एरवी प्रार्थनाघरात बसायला जागा पुरत नसे. आज कुलूपवाल्याच्या बाहेरच्या खोलीत एका चटईवर सगळे मावले. बाकीच्यांनी निरोप पाठवले होते. कोणाला ताप, कोणाला कणकण, कोणाच्या घरी पाहुणे. मास्तर प्लास्टरचा हात छातीशी धरून भिंतीला टेकले. सुईणमावशी आल्या, गावातली अर्धी पोरं त्यांच्याच हातांवर जन्मलेली. घरची सून तान्ह्या लेकीला पदराखाली घेऊन कोपऱ्यात बसली. दाराकडे पाठ करून बसायची जागा ससुलीची. लग्नानंतर प्रार्थनेला पहिल्यांदा आली तेव्हा लाजून सगळ्यांच्या मागे बसली, ती तिथेच राहिली होती.

कुलूपवाल्याने अडसर सरकवला. लोखंड भिंतीत जाऊन बसल्याचा आवाज झाला आणि खोलीतल्या सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. मास्तरांनी अडसराकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं.

"देव समजून घेईल," ते म्हणाले. पण हे त्यांनी जमिनीकडे बघत म्हटलं.

प्रार्थना सुरू झाली. एकेकाने एकेक ओळ म्हणायची, अशी रीत. मास्तरांची झाली, मावशींची झाली, कुलूपवाल्याची झाली. मग ससुलीची पाळी आली आणि ओळ आलीच नाही.

तिचा आवाज तसाही कोणाला ऐकू जात नसे, म्हणून सगळे थोडा वेळ थांबले. कुलूपवाल्याला वाटलं, भीतीने विसरली. त्याने हळूच ओळीचा पहिला शब्द सुचवला. ती उठून उभी राहिली. दाराशी गेली आणि अडसराला हात घातला.

"अगं, काय करतेस?"

"काढतेय."

"वेड लागलंय का तुला? ते फोडायला येणार आहेत!"

"माहीत आहे."

"आई," सून म्हणाली. तिने लेकीला जवळ ओढलं.

ससुलीने नातीकडे पाहिलं. तेवढ्याने तिचा हात अडसरावरून खाली आला. पुन्हा वर जायला त्याला वेळ लागला.

"तू हिला घेऊन मागच्या दाराने तुझ्या मावशीकडे जा," ती सुनेला म्हणाली. "हिच्यासाठी तू ठरव. आणखी कोणाला जायचं असेल त्यानेही जावं. खरंच जा. मी राग नाही धरणार."

सून गेली. तिच्यामागे आणखी दोघं मान खाली घालून गेली. मागचं दार लागलं. सुईणमावशी आपली पिशवी मांडीवर घेऊन होत्या तिथेच बसून राहिल्या.

"एवढी भितेस," कुलूपवाला म्हणाला. आता तो चिडला होता, कारण त्यालाही भीती वाटत होती आणि त्याला भीतीची सवय नव्हती. "झुरळाला भितेस! आणि आजच कुठून आलं हे शौर्य?"

"शौर्य कुठलं? उभं राहवत नाहीये मला." ते दिसतच होतं, ती दाराला धरून उभी होती. "अहो, तुम्हाला दार उघडं ठेवायला कधी काही मोजावं लागलंच नाही. तुम्ही भीत नाही कोणाला. मी इतकी वर्षं दाराकडे पाठ करून बसलेय. प्रत्येक वेळी वाटतं, उठावं आणि कडी लावावी. प्रत्येक वेळी. नाही उठले. मला गाता येत नाही, मास्तरांसारखं बोलता येत नाही. देवाला द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे? ते न उठणं, तेवढंच एक आहे. ते तरी राहू द्या."

ती अडसर ओढत राहिली. नवं लोखंड तिच्या हाताला दाद देईना. तिने दोन्ही हात लावले, बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या, अडसर जागचा हलला नाही. कुलूपवाला बघत राहिला. गावातली किल्ली हरवलेली कितीतरी दारं त्याने उघडून दिली होती, पण बायकोला इतकं काही मागताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो उठला. तिच्या हातांशेजारी त्याने आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून अडसर मागे घेतला. कडी त्याने स्वतः काढली. दार नुसतं लोटलेलं राहिलं.

"पहिल्यापासून घेऊ या," मास्तर म्हणाले. आता ते समोर बघत होते.

मास्तरांची ओळ झाली, मावशींची झाली. बाहेर मोटारसायकली आल्या आणि घरासमोर बंद झाल्या. कुलूपवाल्याने आपली ओळ म्हटली, पण ती शेवटी नुसती हवा होऊन बाहेर पडली. बूट पायऱ्या चढले. ससुलीने डोळे मिटले. पाठीवरून घाम उतरत होता आणि दार किती हातांवर आहे हे तिच्या पाठीला नेमकं कळत होतं. उठून कडी लावायला अजून वेळ आहे, असं तिच्या मनात आलं. मग वेळ गेला.

"आधीच सांगितलं होतं!" गॅरेजवाल्याचा आवाज आला. "सरका रे, मी देतो धडक."

त्याने लांबून धावत येऊन खांद्याने पूर्ण ताकदीची धडक दिली.

दाराला कडी नव्हती. ते भिंतीवर जाऊन आपटलं, आणि अडवायला काहीच न मिळाल्यामुळे गॅरेजवाला तसाच आत आला, तोल सावरायला दोन पावलं धावला आणि चटईवर गुडघ्यांवर पडला, ससुलीच्या अगदी शेजारी. हातातली पहार सुटून फरशीवर घरंगळली आणि मास्तरांच्या पायाशी थांबली.

बाहेर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ते हसणं ससुलीला नको होतं. पडलेला माणूस चालतो, हसं झालेला माणूस वाईट. गॅरेजवाल्याचं तोंड लालबुंद झालं होतं. उंबऱ्यावर त्याची पोरं काठ्या घेऊन उभी होती, आणि आत यायला आता काहीच आड नव्हतं, म्हणूनच की काय, आत कोणी येत नव्हतं.

"दादा," त्यांतला एक म्हणाला, "दार उघडंच होतं?"

सुईणमावशींनी 'लागलं का रे?' असं विचारायला तोंड उघडलं. ह्यालाही त्यांनीच जगात आणलं होतं. पण तोंडाने काही विचारायचं नाही, हे आठवून त्यांनी ते मिटलं.

दाराजवळ बसलेली होती ससुली. तिने जमिनीला हात टेकला आणि ती सरकली. पायांत जोर नव्हता, म्हणून एका सरकण्यात झालं नाही. तिला पुन्हा सरकावं लागलं. मग तिने मोकळी झालेली चटई तळहाताने साफ केली. गॅरेजवाला गुडघ्यांवर तसाच राहून त्या हाताकडे बघत होता.

पाळी तिची होती. तिने आपली ओळ म्हटली. ती उंबऱ्यावरच्या पोरांनाही ऐकू गेली.