दुसऱ्या विषयाच्या कपाटात

माझी मावशी टाइपिंगचा क्लास चालवायची. घराच्या पुढच्या खोलीत. आधी टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले, मग फोनवर अंगठ्याने धडाधड लिहिणारी पोरं आली आणि क्लास बसला. क्लास बंद झाला असं ती म्हणत नाही. बसला म्हणते. दम लागून माणूस बसतो तसा.

त्याच सुमारास तिने पीएचडीला नाव घातलं. पन्नाशी उलटली होती. विभाग शिक्षणशास्त्राचा. प्रश्न एकच. शिकणाऱ्याच्या मागे शिक्षक येऊन उभा राहिला की हात का चुकतो?

हा प्रश्न तिचा स्वतःचा. कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही. इतकी वर्षं पोरापोरींच्या मागे उभं राहून तिला दिसलं होतं की ती मागे आली की त्यांचे खांदे वर चढतात, बोटं लाकडाची होतात. शेजारी बसलं की सैल होतात. खोलीतून निघूनच गेली तर बऱ्याच जणांचं काम सुधारतं. आणि गंमत म्हणजे जी सगळ्यात हुशार असते नेमकं तिचंच बिघडतं. हे सांगताना मावशीचे डोळे असे लकाकायचे की बस.

"असं का होत असेल रे? बघायला कुणी नाही तर टाइप नीट कशाला मारू, असं?"

"मला काय विचारतेस. मी हुशार नव्हतोच."

"ते आहेच म्हणा."

तर त्या 'का'साठी हा सगळा खटाटोप. एका प्रशिक्षण केंद्रात तिने परवानगी काढली. एका गटामागे शिक्षकाची खुर्ची, एका गटाशेजारी खुर्ची, एका खोलीत खुर्ची रिकामी. चुका मोजल्या. पुन्हा मोजल्या. वर्षं गेली. काका संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई, आज पेशंट किती?" मावशी म्हणायची, "एकच आहे, आणि तोही औषध घेत नाही."

मी तिच्या बहिणीचा मुलगा. प्रिंटर दुरुस्त करतो. कॉलेज अर्ध्यात सोडलं. जे काही येतं ते नेटवर बघून, आपटत धोपटत आलेलं. एखाद्या गोष्टीला लागलो की सुटत नाही म्हणून मावशी मला चिकट्या म्हणते.

गेल्या वर्षी तिच्या मार्गदर्शक सरांनी कच्चा प्रबंध परत पाठवला. प्रयोग चांगला आहे म्हणाले. पण आधी कोणी काय काम केलंय, ते प्रकरण लंगडं आहे. सगळे संदर्भ आपल्याच विभागातले आणि तेही शिळे. इतर विषयांतही बघा. आणि मुदत शेवटची. दोनदा वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. वेळेत प्रबंध गेला नाही तर नाव रद्द.

मावशी माझ्या दुकानात आली. येताना कधी नाही ते रिक्षाने आली, म्हणजे प्रकरण गंभीर.

"चिकट्या, हे बघ. क्लास बसला तेव्हा मी पण बसलेच होते. ह्याच्या जोरावर उठले. आता हे गेलं तर मी परत उठणार नाही. वय नाही राहिलं."

"अगं, संदर्भच शोधायचेत ना? शोधू की."

इतकं सोपं वाटलं मला.

सोपं नव्हतंच. मला वाटायचं, गुगलमध्ये टाकलं की जग समोर. तसं नसतं. प्रत्येक विषयाचं आपलं वेगळं कपाट असतं. डॉक्टर लोकांचं वेगळं, इंजिनियरांचं वेगळं, मानसशास्त्राचं वेगळं. विद्यापीठांनी आपापल्या जुन्या प्रबंधांची भांडारं नेटवर ठेवलेली असतात, फुकट, पण तिकडे कुणी फिरकत नाही. काही मासिकं अख्खी उघडी, काहींना कुलूप. कुलूपवाल्या पेपरचीही लेखकाने स्वतःच्या पानावर ठेवलेली उघडी प्रत सापडते कधीकधी. आणि सगळ्यात मोठी गोम अशी की तीच गोष्ट प्रत्येक विषयात वेगळ्या नावाने नांदते. मावशी जिला 'शिक्षकाची उपस्थिती' म्हणते, तिला नर्सिंगवाले 'देखरेखीखालचं कौशल्य' म्हणतात आणि विमानवाले भलतंच काही. म्हणजे तिच्या शब्दांनी शोधलं तर फक्त तिच्यासारखेच सापडणार.

हे कळलं आणि मग मजा आली. खरंच आली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी शोधायचो, रविवारी मावशीकडे जाऊन दाखवायचो. सुई टोचायला शिकणाऱ्या नर्स. पियानो शिकणारी मुलं. विमानाच्या खोट्या कॉकपिटमध्ये घाम गाळणारे वैमानिक. मावशी एकेक वाचायची आणि मांडीवर थाप मारायची.

"बघ, बघ! ह्यांचेही हात चुकतात!"

"सगळ्या जगाचे हात चुकतायत," काका आतून ओरडायचे. "चहा कोण टाकतंय?"

पण तिचा नेमका प्रयोग कोणी केला नव्हता. टाइप करणारी बोटं, तीन जागा, हुशारांचं उलटं वागणं. ते फक्त तिचं होतं. दर रविवारी ते अजून पक्कं होत होतं आणि ती अजून ताठ बसत होती.

मग तळटीप सापडली.

कारखान्यातल्या कामगारांवरचा एक पेपर होता, साधाच. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की शिकाऊ की-पंच ऑपरेटरांमागे शिक्षक बसल्यास काय होतं, यासाठी अमुक संस्थेचा अहवाल पाहा. की-पंच म्हणजे जुन्या काळी कॉम्प्युटरच्या कार्डांना भोकं पाडायचं यंत्र. त्यालाही टाइपरायटरसारखाच कीबोर्ड.

मी शोधलं. मिळेना. तळटिपेत साल चुकीचं होतं. पण मी चिकट्या. एका तांत्रिक ग्रंथालयाने जुने अहवाल स्कॅन करून ठेवले होते, उत्पादन अभियांत्रिकीच्या कपाटात. स्कॅन इतका फिकट की मशीनला अक्षरं वाचताच आलेली नव्हती. म्हणजे कोणी काहीही शोधलं असतं तरी हा अहवाल वर आलाच नसता. तो फक्त हाताने पानं उलटून सापडणार होता.

मी पानं उलटली. दुकानात पंखा घरघरत होता, समोर एक उघडा प्रिंटर पडला होता.

एका पानावर आकृती होती. तीन खोल्या. पहिलीत खुर्ची मागे, दुसरीत शेजारी, तिसरीत रिकामी.

मी पुढची पानं भराभर उलटली. सगळं होतं. चुका मोजायची पद्धत तीच. माणसं मावशीपेक्षा कितीतरी जास्त. निकाल तोच. आणि पुढे एक अख्खं प्रकरण हुशार पोरींवर, खोलीत कोणी नसलं की त्यांचं का बिघडतं. मावशीला न सापडलेलं उत्तर तिथे नीट, समजेल अशा भाषेत लिहिलेलं. अहवाल मावशीच्या जन्माच्या आसपासचा होता.

लेखिकेचं नाव नव्हतं, नुसती आद्याक्षरं आणि पुढे 'मुख्य प्रशिक्षिका'.

सांगू की नको असं झालं. टॅब बंद केला. परत उघडला. मावशीला कधीच कळलं नसतं. परीक्षकांनाही कळलं नसतं. पण मला कळलं होतं, आणि रविवारी ती विचारणार होती, काय आणलंस? मला तिच्या तोंडावर खोटं बोलता येत नाही. तिनेच लहानपणी ती सवय मोडली.

रविवारी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. "हे वाच," एवढंच म्हणालो.

तिने चष्मा लावला. आकृतीपाशी थांबली. मग पुढे गेली. मग मागे येऊन परत आकृतीवर. काका चहा घेऊन आले, तिच्या चेहऱ्याकडे बघून कप ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"हे आधीच कुणीतरी केलंय, काका."

"थोडंफार?"

"सगळं."

"मग ह्याने काय बिघडतंय?" काका म्हणाले. "दोन माणसांनी एकच डोंगर चढू नये असं आहे का?"

"पीएचडीत आहे तसं," मावशी म्हणाली. पानावरून डोळे काढले नाहीत तिने. "नवीन लागतं. माझं नवीन काय आहे ते मीच लिहिलंय पहिल्या पानावर. 'आजवर असा अभ्यास झालेला नाही.' ठळक अक्षरात."

त्याच आठवड्यात आम्ही सरांकडे गेलो. टेबलावर प्रबंधांचे गठ्ठे, एक वाळकं झाड, भिंतीवर घड्याळ बंद. सरांनी अहवाल उभ्याउभ्या चाळला आणि हळूच खाली ठेवला.

"बाई, हे तुम्ही मला दाखवलं नाही."

"आत्ता दाखवलं की सर."

"ऐका माझं. हे तुम्ही मला दाखवलं नाही, आणि मी बघितलं नाही. आपल्या विभागात हा अहवाल कोणाला माहीत नाही. बाहेरच्या परीक्षकांनाही माहीत नसणार. प्रबंध द्या. मोकळ्या व्हा."

"मला माहीत आहे ना."

सर खुर्चीत बसले. वाईट माणूस नाही. थकलेला आहे. "मग त्याचा उल्लेख करा, आणि आपण तेच पुन्हा तपासलं असं म्हणा. पण त्यासाठी विषय बदलून घ्यावा लागेल, समितीपुढे जावं लागेल. त्याला वेळ हवा. तो तुमच्याकडे नाही, आणि मी आणून देऊ शकत नाही. मागच्या वेळीच मी भांडून आणला होता."

"म्हणजे लपवलं तर डॉक्टर, नाहीतर काही नाही."

"मी असं म्हटलेलं नाही."

"नाही सर. तुम्ही चांगल्या शब्दांत म्हटलंत."

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. मी बोललो. खूप बोललो. दुसऱ्या विद्यापीठात नाव घालू, पेपर म्हणून छापू, काहीतरी नवीन जोडू. ती म्हणाली, "चिकट्या, जरा गप्प बस रे."

मग ती एक विचित्र काम करायला बसली. प्रबंधाची छापील प्रत घेतली, शेजारी अहवाल. जे जे अहवालात आधीच आहे, त्याच्यावर आडवी रेघ. पद्धत गेली. निकाल गेले. चर्चा जवळजवळ पूर्ण गेली. मी म्हणायचो, अगं हे वाक्य तरी ठेव, हे तुझं आहे. ती पानं चाळून दाखवायची, नाही, हे बघ, तिने जास्त बरं लिहिलंय. रागाने नाही. आपल्या एखाद्या पोरीचा पेपर तपासावा तशी.

शेवटी आभारांची पानं उरली. त्यात काका होते, मी होतो, केंद्राचा शिपाईसुद्धा होता.

"हे तेवढं अस्सल आहे," ती म्हणाली आणि हसली. काका हसले नाहीत. उठून आत गेले आणि नळ सोडून उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

मुदतीचा दिवस आला आणि गेला. तिने काही पाठवलं नाही. विभागाकडून मेल आला. नोंदणी रद्द. खाली लिहिलं होतं, हा मेल यंत्राने पाठवला आहे, उत्तर देऊ नये.

मी आता रविवारी जातो तेव्हा ती पुढच्या खोलीत नसते. आत असते, पडलेली, भिंतीकडे तोंड करून. जागी असते. "ये," म्हणते, पण वळत नाही. काका दारातूनच मला खुणेने सांगतात, आज जेवली, किंवा आज नाही. मी तिला काही वाचायला नेलं होतं एकदोनदा. उशीखाली ठेवते आणि पुढच्या वेळी तिथेच असतं.

परवा मात्र तिने मला हाक मारली. उठून बसली. मला वाटलं, चला.

"एक काम कर. ती बाई. तिने पुढे काय केलं ते शोध."

"कोण?"

"अहवालवाली. इतकं चांगलं काम केल्यावर थांबली नसेल ना ती. शोध."

मी तिथेच, पलंगाच्या कडेवर बसून शोधलं. तिची आद्याक्षरं घेऊन सगळी कपाटं उघडली. इंजिनियरांचं, मानसशास्त्राचं, शिक्षणाचं. संस्थेचे पुढचे अहवाल हाताने उलटले. ती संस्था काही वर्षांनी बंद पडली होती. बाईचं दुसरं काही नव्हतं. एक ओळ नाही. मग मी उलट बाजूने बघितलं, तिच्या अहवालाचा उल्लेख पुढे कुणी कुणी केला ते.

मावशी माझ्या खांद्यामागून स्क्रीन बघत होती. माझी बोटं चुकायला लागली. तीच तीच अक्षरं खोडत होतो.

"किती जणांनी?" तिने विचारलं.

"एक. ती तळटीप."

"साल चुकलेली?"

"हो."

"म्हणजे तळटीप लिहिणाऱ्यानेही वाचला नसेल. दुसऱ्याचं बघून टाकलं असेल."

मलाही तसंच वाटत होतं.

"इतक्या वर्षांत तिचं पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच वाचलं," मावशी म्हणाली. "आणि वाचलं म्हणून माझं गेलं. मी दिलं असतं तर माझंही असंच कुठल्यातरी कपाटात पडलं असतं. नाही?"

नाही म्हणायला पाहिजे होतं. काका दारात उभे होते, मी नाही म्हणेन म्हणून तेही माझ्याकडे बघत होते. मी स्क्रीनवरच्या त्या एकाच ओळीकडे बघत राहिलो.

तिने हात पुढे करून लॅपटॉप मिटला, आणि परत भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.