गाऱ्हाण्यात नाव

लालबागच्या चाळीत भरदुपारी दत्तारामच्या छातीत कळ आली, तेव्हा मजल्यावर बाप्या माणूस म्हणून एकटा हितेंद्र होता. त्यानेच त्याला पाठुंगळी मारला, तीन जिने उतरवला आणि टॅक्सीत कोंबून परळच्या हॉस्पिटलात नेला.

आता हा हितेंद्र कोण? तर शेजारचाच. गॅलरीतल्या चपलांच्या रॅकवरून दत्ताराम ज्याची आयमाय काढायचा, तोच.

दत्ताराम बरा होऊन घरी आला. बायको जाईबाई रोज टोचायची, "अहो, एक शब्द बोला त्या पोराशी."

"बोलतो गं."

कसला बोलतो! त्या पोराच्या पाठीवर याची लुंगी ओली झालेली. हितेंद्र समोर दिसला की दत्तारामला तेवढंच आठवायचं, आणि तोंडातून निघायचं, "रॅक सरकव तुझा!"

मग चाळीची पूजा आली. गावच्या रीतीने देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं काम दत्तारामचंच. जाईबाईने निघतानाच दम दिला, "आज त्याचं नाव घ्या. नाही घेतलंत तर मी उठून सांगेन. लुंगीसकट."

दत्तारामने नारळ हातात धरला. "बा देवा सत्यनारायणा! माका मरणाच्या दारातसून मागे आणलंस..."

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ ओरडली.

"तसोच सगळ्यांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागून हितेंद्र बोलला, "देवाने आणलं काय? मग माझी कंबर कशाने धरलीय, काका?"

लोक फिदीफिदी हसले. दत्तारामचे कान तापले. तिकडे जाईबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

"आणि देवा," दत्ताराम घाईघाईने ओरडला, "ह्यो हितेंद्र... भांडकुदळ मेलो... ह्येची कंबर बरी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हितेंद्र माणसं बाजूला सारत पुढे आला. "देवाच्या आडून काय बोलता? इकडे बघून बोला ना."

दत्तारामने बघितलं. आभाराचा शब्द ओठापर्यंत आला आणि तिथेच चिकटला. बाहेर पडलं ते भलतंच.

"तुझ्या जागी मी असतो ना, तर तुला उचलला नसता. दार लावून बसलो असतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. भटजीचीसुद्धा.

"माहितेय मला," हितेंद्र म्हणाला. "उचलला तेव्हाही माहीत होतं." आणि प्रसाद न घेताच जिना चढून गेला.

जाईबाई परत खाली बसली. दत्ताराम नारळ धरून उभा, आणि अख्खी चाळ गाऱ्हाणं पुढे सरकायची वाट बघत होती.