सगळ्यात हलका स्टोव्ह

वजनमापं तपासण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. आमचे निरीक्षक तर रिकामा पेलाही फुंकायचे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात ते बायकोबरोबर शिरले, तेव्हा खिशात स्वतःचा छोटा वजनकाटा होताच.

बायकोनं मुठीएवढा स्टोव्ह निवडला. गॅसच्या डब्यावर पिळून बसवायचा, वर तीन काड्यांसारखे पाय. खोक्यावर त्र्याऐंशी ग्रॅम लिहिलेलं. निरीक्षकांनी काट्यावर ठेवला. त्र्याऐंशीच भरले. त्यांना जरा वाईटच वाटलं.

मग तिनं भांडं उचललं, एका माणसाचं. निरीक्षकांच्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षं दोघं एकाच मोठ्या पातेल्यात शिजवत आले होते.

“चार दिवसांसाठी गॅसचा सगळ्यात लहान डबा द्या,” ती म्हणाली.

“चार दिवस दोघांना नाही पुरायचा,” दुकानवाली म्हणाली.

“पुरेल.” तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

“अगं, मी येतोय ना?” निरीक्षकांनी विचारलं. “की गुडघ्यामुळे मला वगळतेस? गुडघा ठणठणीत आहे माझा.”

“गुडघ्याचं नाही हो. मी मारलेली प्रत्येक गाठ तुम्ही सोडून परत मारता. मी भरलेली सॅक उपसून बघता. वीस वर्षं डोंगर बघितला तो तुमच्या पाठीमागून. एकदा मला एकटीला जायचंय.”

संशय खरा ठरला की एरवी त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज तो खोटा ठरावा असं पहिल्यांदाच वाटलं.

मग त्यांनी दुकानवालीकडे पाणी मागितलं, स्टोव्ह डब्यावर पिळून बसवला, भरलेलं भांडं वर ठेवलं आणि एका बोटानं ढकललं. भांडं, स्टोव्ह, डबा, सगळं आडवं झालं. दुकानवालीनं कपाळावर हात मारला.

निरीक्षकांनी दुसरा स्टोव्ह मागितला, रुंद पायांचा, जमिनीलगत बसणारा, नळीनं डब्याला जोडलेला. भरलेलं भांडं त्यावर ठेवून तीनदा ढकललं. पाणी नुसतं डुचमळलं.

“शंभर ग्रॅम जास्त आहे हा,” बायको म्हणाली. “हलकाच बरा की.”

“हलका दोघांना चालतो,” ते म्हणाले. “एकानं ढवळायचं, दुसऱ्यानं भांडं धरायचं. तू हा घे.”